त्र्याण्णव गुणांची वस्ती

घर बघायला निघण्याआधी अनुजा आणि निरंजन दाभोळे आकडा बघायचे. त्या वर्षांत पुण्याच्या आसपास घर घेणारा प्रत्येकजण तेच करत असे. शाळा किती लांब, मेट्रोचं स्टेशन कुठे, पाणी रोज येतं की दिवसाआड, हे प्रश्न नंतरचे. एजंट गाडीचं दार उघडतानाच मोबाइल पुढे करायचा आणि सांगायचा, या भागाचा आरोग्यांक बघा, मग बोलू.

हा आरोग्यांक गटारातून येत असे. माणूस औषध घेतो तेव्हा त्यातलं काही शरीर वापरतं आणि उरलेलं मोडूनतोडून लघवीवाटे बाहेर टाकतं. प्रत्येक औषधाचे हे तुकडे वेगळ्या वजनाचे असतात, त्यामुळे बोटांच्या ठशांसारखे ते ओळखता येतात. पूर्वी त्यासाठी खोलीभर यंत्र आणि ते चालवणारे तज्ज्ञ लागायचे. मग रेणूंचं वजन करणारं ते यंत्र काडेपेटीएवढ्या चिपवर मावलं आणि ड्रेनेजच्या चेंबरमध्ये, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवता येऊ लागलं. मूळ हेतू चांगला होता. साथीच्या रोगांची चाहूल लागावी म्हणून या चिपा शहरभर बसवल्या होत्या, आणि काविळीची एक मोठी साथ दवाखान्यात पहिला रुग्ण येण्याआधीच त्यांनी पकडलीही होती.

पुढे एका खासगी कंपनीने ही माहिती विकत घेतली आणि तिच्यातून प्रत्येक वस्तीला शंभरपैकी गुण द्यायला सुरुवात केली. जंतू मोजणं अवघड. काही जंतू तर सांडपाण्यात जवळजवळ उतरतच नाहीत. औषधांचे अंश मात्र ठळक दिसतात. म्हणून कंपनीने सोपा हिशेब केला: ज्या वस्तीच्या पाण्यात औषधं कमी, ती वस्ती निरोगी. लोकांना तो पटला. अनुजालाही पटला. ती ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायची, आणि हिरव्या-पिवळ्या-तांबड्या ठिपक्यांचा तो नकाशा तिने वर्गात कौतुकाने दाखवला होता.

शेवटी दोन घरं उरली. एक शहराच्या जुन्या भागात, दुसऱ्या मजल्यावर. खाली भाजीबाजार, समोर मोठा दवाखाना, ईराची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. ते घर बघायला गेले तेव्हा शेजारच्या काकूंनी ओळखपाळख नसताना त्यांना बसवून चहा पाजला होता. पण तिथला अंक होता अठ्ठावन्न. दुसरं घर शहराबाहेर, करंजओढ्याला, ‘सप्तपर्ण’ सोसायटीत, बी विंगच्या पाचव्या मजल्यावर. तिथला अंक त्र्याण्णव.

दवाखान्याशेजारी म्हातारी आणि आजारी माणसं राहायला येणार आणि तिथल्या पाण्यात औषधं सापडणारच, ही साधी गोष्ट त्या दोघांच्याही लक्षात आली नाही. निरंजन चाकणच्या बॅटरी कारखान्यात गुणवत्ता विभागात होता. आकड्यावर विश्वास ठेवणं हे त्याचं कामच होतं. ईरा तेव्हा आठ वर्षांची. अठ्ठावन्नच्या वस्तीत आपण मुलीला वाढवायचं का, असं त्याने विचारलं, आणि अनुजाला होकार देता आला नाही. त्यांनी त्र्याण्णव घेतलं.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग कोल्हापुरात अनुजाची आई गेली आणि तिचे वडील, आप्पा, एकटे पडले. आयुष्यभर त्यांनी शिरोलीच्या फाउंड्रीत साचे बनवले होते. वाळूची धूळ छातीत घेऊनच ते निवृत्त झाले होते. अनुजा त्यांना घेऊन आली. आप्पा नातीला पत्त्यांचे डाव शिकवू लागले, संध्याकाळी खाली बाकावर बसू लागले. सोसायटीतल्या कुणाशी त्यांचं फारसं जमलं नाही. जमलं ते वॉचमन व्यंकट गायकवाड आणि त्याची बायको कुशावर्ता यांच्याशी. नांदेडकडचं हे जोडपं बी विंगच्या मागच्या खोलीत राहायचं. तो गेट सांभाळायचा, ती जिने झाडायची.

आप्पांचा खोकला काही केल्या जाईना. वजन उतरलं. छातीच्या डॉक्टर इनामदार बाईंनी तपासण्या केल्या आणि टीबीचं निदान केलं. घाबरण्याचं कारण नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या की काही आठवड्यांत रुग्णापासून इतरांना लागण व्हायची जवळजवळ थांबते. मात्र सहा महिने एकही दिवस चुकवायचा नाही. मध्येच सोडलं तर जंतू पुन्हा डोकं वर काढतात, आणि कधीकधी ते गोळ्यांना दाद देत नाहीत.

सुरुवातीला अनुजा स्वतः गोळ्या त्यांच्या तळहातावर ठेवायची. आप्पांना तरतरी आली, खोकला ओसरला, ते पुन्हा खाली जाऊ लागले. मग कॉलेजच्या परीक्षा सुरू झाल्या आणि गोळ्यांचं काम तिने त्यांच्यावरच सोपवलं.

त्याच सुमारास ‘सप्तपर्ण’चा अंक एकोणनव्वदवर आला.

सोसायटीचे अध्यक्ष सबनीस हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. कधी आवाज चढवत नसत, सगळ्यांना ‘आपण’ म्हणत. त्यांनी तातडीची सभा बोलावली. अंक उतरला तर घरांची किंमत उतरते, विम्याचे हप्ते चढतात, आणि विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक फिरकत नाही, हे त्यांनी सौम्यपणे मांडलं. ठराव झाला की सोसायटीने स्वतःच्या चिपा घ्याव्यात आणि प्रत्येक विंगच्या चेंबरमध्ये एकेक बसवावी. कुणीही विरोध केला नाही. अनुजानेही नाही.

त्यानंतर सोसायटीत जे सुरू झालं ते कुणी ठरवून केलेलं नव्हतं, आणि म्हणूनच ते थांबवणारंही कुणी नव्हतं. ए विंगमधले रक्तदाबाचे एक आजोबा अचानक मुलीकडे राहायला गेले. एक मधुमेही गृहस्थ रोज सकाळी गाडी काढून हायवेवरच्या पेट्रोल पंपाच्या स्वच्छतागृहात जाऊन येऊ लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या नाडगौडा वहिनी, ज्या दर गुरुवारी मुलांना गोष्टी सांगायच्या, त्या दिसेनाशा झाल्या. लिफ्टमध्ये कुणी शिंकलं तर बाकीचे त्याच्या मजल्याचं बटण बघून ठेवायचे. एकाच्या हातात औषधाच्या दुकानाची पिशवी दिसली तर सोसायटीच्या ग्रुपवर तिचा फोटो यायचा, खाली नाव नसलेला, पण पिशवी धरणाऱ्याचं घड्याळ दिसणारा.

बी विंगच्या चिपने टीबीचं औषध पकडलं तेव्हा निरंजन घाबरला. आप्पांनी काही महिने इचलकरंजीला, अनुजाच्या भावाकडे जावं, असं त्याने सुचवलं. भावाचं घर दोन खोल्यांचं होतं आणि उपचार इथे चालू होते. मग त्याने सहलीला नेतात तसला घडीचा संडास आणायचा विषय काढला. म्हाताऱ्या माणसाला घरात संडास असताना पिशवीत जायला लावायचं, हे ऐकून अनुजा ताटावरून उठली. भांडण दार लावून, हळू आवाजात झालं. पण पाचव्या मजल्यावरच्या त्या घराच्या भिंती पातळ होत्या.

तोवर सभेने आपला संशयित शोधला होता. बी विंगचं सांडपाणी म्हणजे तिच्या मागच्या खोलीचंही सांडपाणी. टीबी कुणाच्या घरी असणार, यावर कुणी चर्चादेखील केली नाही. व्यंकटला तपासणीलाही पाठवलं नाही. सबनीसांनी त्याला बोलावून, अगदी ‘आपण’ म्हणत, आठवड्याभरात खोली सोडायला सांगितलं. अनुजा त्या संध्याकाळी सबनीसांकडे निघाली होती. निरंजनने तिला दारातच अडवलं. व्यंकटला दुसरीकडे काम मिळेल, पण आपल्याला हे घर पुन्हा विकता येणार नाही, असं तो म्हणाला. ती आत परतली. एका माणसाचं बिऱ्हाड आपल्या गप्प बसण्याने उठतंय हे तिला कळत होतं, आणि तरी ती परतली. टेंपो भरला जात असताना ती खिडकीशी गेलीच नाही.

काही आठवड्यांनी बी विंगच्या पाण्यातून ते औषध नाहीसं झालं. अंक चढत चढत पुन्हा त्र्याण्णववर आला. रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये सगळ्यांना बोलावून पेढे वाटले. सबनीस म्हणाले की कटू निर्णय घ्यावा लागला, पण विज्ञानाने आपलं म्हणणं सिद्ध केलं. टाळ्या झाल्या. निरंजनने सुटकेचा श्वास सोडला आणि अनुजाच्या हातात पेढा ठेवला.

तिने तो तोंडाजवळ नेला आणि ती थांबली. ते औषध व्यंकटच्या घरातलं नव्हतं, ते तिच्या घरातलं होतं. मग ते नाहीसं कसं झालं?

ती पेढा टेबलावर ठेवून लिफ्टकडे गेली.

आप्पा खिडकीपाशी बसले होते. तिने गोळ्यांबद्दल विचारलं. त्यांनी आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाले, “घेत न्हाई आता. कागदात गुंडाळून बाहेर रस्त्यावरच्या कचऱ्यात टाकतो. संडासात टाकल्या असत्या तर खाली कळलं असतं.”

तिने विचारलं, कधीपासून?

“व्यंकट गेला त्या दिवसापासनं,” आप्पा म्हणाले. “मी खालीच हुतो. कुशावर्ता टेंपोत चढताना मला हात जोडून म्हणाली, आजोबा, खोकल्याला जपा. माझ्या गोळ्यांपायी तिचं बिऱ्हाड उठलं, अनू, आणि ती मलाच जपा म्हणतीया. त्याउपर मी कोणत्या तोंडानं गोळी गिळायची?”

मग त्यांना खोकला आला. रुमाल तोंडाशी धरून ते बराच वेळ खोकत राहिले. हा खोकला परत आलाय, आणि आपण परीक्षेच्या पेपरांत डोकं घालून तो रोज ऐकत होतो, हे अनुजाला त्या क्षणी कळलं. शेजारच्या गादीवर पत्ते पसरलेले होते. ईरा नुकतीच डाव अर्धा टाकून पेढा खायला खाली गेली होती.

अनुजा रडली नाही. तिला एवढा संताप आला होता की रडू फुटायला जागाच नव्हती. ती पुन्हा खाली गेली. क्लबहाउसमध्ये अजून सगळे होते. कुणीतरी अंकाचा मोठा फलक भिंतीवर लावत होतं. तिने सबनीसांना माइक मागितला नाही. जिथे उभी होती तिथूनच बोलली.

“व्यंकटच्या घरात कुणालाही टीबी नव्हता. ते औषध माझे वडील घेत होते. बी विंग, पाचवा मजला.”

सबनीस हसून म्हणाले, “दाभोळे मॅडम, आपण प्रामाणिकपणे सांगितलंत, आभारी आहोत. आता ते बरे झालेले दिसतात. अंक तेच सांगतोय.”

“अंक एवढंच सांगतोय की त्यांनी गोळ्या सोडल्या,” अनुजा म्हणाली. “तुम्हाला भिऊन सोडल्या. ते गोळ्या घेत होते तेव्हा इथल्या एकाही मुलाला त्यांच्यापासून धोका नव्हता. आज आहे. आणि आजच तुम्ही पेढे वाटताय. तुमची ती चिप आजार मोजत नाही, सबनीस साहेब, उपचार मोजते. एक निरोगी कुटुंब तुम्ही हाकलून दिलंत, आणि एका आजारी माणसाचं औषध बंद पाडलंत. त्याचे हे त्र्याण्णव गुण.”

दोन-तीन आयांनी आपली मुलं जवळ ओढली. अनुजाने सगळ्यांकडे बघत विचारलं, आणखी कुणी औषध सोडलंय का.

मग मागच्या रांगेतून नाडगौडा वहिनी उठल्या. त्यांचा नवरा जमिनीकडे बघत होता.

“मी,” त्या म्हणाल्या. “डिप्रेशनच्या गोळ्या होत्या माझ्या. आता सकाळी उठावंसं वाटत नाही. पण आमच्या विंगचा अंक चांगला आहे.”

सबनीसांनी सचिवांकडे वळून, हे इतिवृत्तात घेऊ नये, असं हलक्या आवाजात सांगितलं. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

दुसऱ्याच दिवशी अनुजा आणि निरंजन आप्पांना आणि ईराला घेऊन इनामदार बाईंकडे गेले. आप्पांची थुंकी तपासली. जंतू पुन्हा वाढले होते, मात्र औषधाला अजून दाद देत होते. डॉक्टर म्हणाल्या की याला नशीबच म्हणायचं. उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागणार होते, आणि झोपलेला आजार पुन्हा उठताना आप्पांच्या फुफ्फुसाचा जो तुकडा निकामी झाला होता, तो आता परत येणार नव्हता. ईराला आजार नव्हता, पण लागण झाली होती. जंतू तिच्या शरीरात निजलेला होता. तो जागा होऊ नये म्हणून तिलाही काही महिने गोळ्या घ्याव्या लागणार होत्या. या गोळीने लघवी लालसर होते, त्याने घाबरायचं नाही, असं डॉक्टरांनी ईराला समजावलं.

तेव्हा निरंजनने विचारलं, ही गोळी ड्रेनेजच्या चिपमध्ये दिसेल का.

इनामदार बाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. “हा प्रश्न मला आता रोज कुणीतरी विचारतं,” त्या म्हणाल्या. “पूर्वी याच खुर्चीत बसून आईबाप विचारायचे, मूल बरं होईल ना?”

परतताना निरंजन गाडी चालवत होता. शहराबाहेर आल्यावर त्याने गाडी कडेला घेतली. मग त्याने अनुजाला विचारलं, व्यंकटचा पत्ता कुणाकडे असेल.

व्यंकट पुढच्याच रविवारी सापडला, मांजरी गावाच्या बाजूला एका बांधकामावर. कुटुंब पत्र्याच्या खोलीत राहत होतं. निरंजनने स्वतःच सगळं सांगितलं, स्वतःला वाचवण्यासाठी एकही शब्द न घालता. सभेसमोर खरं बाहेर आलं आहे, आणि सोसायटीने परत बोलवावं यासाठी आपण भांडू, असंही तो म्हणाला.

व्यंकटने शांतपणे ऐकून घेतलं. “तुमच्यापाशी आकडा होता, साहेब,” तो म्हणाला. “आमच्यापाशी काय होतं दाखवायला? मी म्हणलं होतं सबनीस साहेबांना, आमची छाती तपासा. ते म्हणले, त्याची गरज नाही.” परत यायला त्याने नकार दिला. ज्या गेटवर आपल्या बायकोला तोंडावर रुमाल बांधायला लावला, त्या गेटला पुन्हा सलाम करणार नाही, एवढंच तो म्हणाला. कुशावर्ताने चहा दिला आणि आजोबा कसे आहेत ते विचारलं.

सोसायटीकडून दाभोळ्यांना विनंती आली की उपचार संपेपर्यंत त्यांनी स्वेच्छेने अन्यत्र राहावं. भाषा फार सभ्य होती. निरंजन सबनीसांच्या घरी गेला आणि आपण कुठेही जाणार नाही, हे सगळ्या कुटुंबादेखत सांगून आला. सबनीसांनी त्याला घराच्या किमतीची आठवण करून दिली. निरंजन म्हणाला की ती त्याला पाठ आहे.

त्यांच्याशी बोलणं बहुतेकांनी बंद केलं. ईराला वाढदिवसांना बोलावणं येईना. पण दुसरीही एक गोष्ट घडू लागली होती. आप्पांच्या गोळ्यांनी बी विंगचा अंक खाली येणं अपेक्षितच होतं. तो ए विंगचाही उतरू लागला. रक्तदाबाचे आजोबा मुलीकडून परतले होते. पेट्रोल पंपाच्या फेऱ्या थांबल्या होत्या. एका गुरुवारी नाडगौडा वहिनी खाली बाकावर येऊन बसल्या. गोष्ट सांगितली नाही, नुसत्या बसल्या. चौऱ्याऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर. करंजओढ्याचा हिरवा ठिपका पिवळा झाला. सोसायटीच्या ग्रुपवर हाहाकार उडाला होता. अनुजा मात्र कॉलेजला निघताना रोज तो घसरणारा आकडा बघायची, आणि प्रत्येक घसरणीमागे आज कुणी पुन्हा गोळी घेतली असेल, याचा अंदाज करायची. वर्गात तिने तो नकाशा परत काढला. या वेळी तिने मुलांना विचारलं, दवाखाना जिथे आहे तिथेच तांबडे ठिपके का आहेत ते सांगा. तिचा राग काही कमी झाला नव्हता. शहरभर अजून एजंट गाडीचं दार उघडताना तोच आकडा पुढे करत होते, आणि न जाणो किती घरांत तो जपण्यासाठी औषधं कागदात गुंडाळली जात होती.

ईराच्या गोळ्या त्याआधीच, डॉक्टरांकडे जाऊन आल्या त्या दिवशी सुरू झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी निरंजन दाढी करत होता, आप्पा चहा पीत होते, आणि ईराने बाथरूममधून हाक मारली.

“बाबा, लाल झालंय.”

निरंजन अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून दाराशी गेला. ईरा फ्लशच्या बटणापाशी हात धरून उभी होती, पण दाबत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती. ग्रुपवर, जिन्यात, शाळेच्या बसमध्ये जे काही बोललं जात होतं ते सगळं तिच्यापर्यंत पोहोचलं होतं.

“खाली कळेल ना?” तिने विचारलं.

“हो,” निरंजन म्हणाला. “दाब.”